रात्रीची वाट आणि मोटारसायकलचा दिवा



वसंत ऋतूतील व्याख्यानांना आपण येता ते बहुधा संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असले भारदस्त विषय ऐकावयास. आम्ही मात्र आज आपल्यापुढे मोटारसायकलच्या पुढच्या दिव्याविषयी बोलणार आहोत. विषय लहान आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु घरातला मुलगा कारखान्याच्या दुसऱ्या पाळीवर गेला असेल आणि रात्रीचे बारा वाजून गेले असतील, तर घरातली माणसे किती वेळा दाराकडे पाहतात, हे आपणांस सांगावयास नको. गाडीला पेट्रोल आहे का, चाकात हवा आहे का, याची विचारपूस होते. तिचा दिवा नीट पडतो का, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते. म्हणून आधी आमचीच हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वीची डिसेंबरमधली रात्र. कोल्हापूरहून सांगलीकडे आम्ही एकटेच येत होतो. ऊसतोडणीचा हंगाम ऐन भरात होता. वेग ताशी साठाच्या आसपास, म्हणजे काही फार नव्हे. समोरून एक ट्रक आला, आमचे डोळे दिपले. तो बाजूने निघून गेला आणि पुढे काळोखाचा एक तुकडा इतर काळोखाहून जरा दाट आहे, एवढेच आम्हांस जाणवले. ती उसाने भरलेली ट्रॉली होती. चाक पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागचा तांबडा दिवा लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकला गेला होता आणि परावर्तक तर मुळातच नव्हता. आम्ही गाडी डावीकडे साइडपट्टीवर घातली. उसाची पाती खांद्याला घासून गेली. थांबलो तेव्हा हात इतके कापत होते की, गाडी स्टँडवर लावता येईना.

ट्रॉलीवाल्याची चूक उघड होती आणि त्या रात्री आम्ही ती त्याच्या पदरात भरपूर घातली. पण घरी आल्यावर मनात दुसराच प्रश्न उभा राहिला. एवढी मोठी, माणसाच्या दुप्पट उंचीची वस्तू. ती आम्हांस इतक्या जवळ जाईपर्यंत दिसली का नाही? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे समजले, तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. रात्री एखादी अनपेक्षित वस्तू दिसून ती काय आहे हे मनाला उमगेपर्यंत आणि हात ब्रेकवर आवळला जाईपर्यंत दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच २५ मीटर संपले. त्यापुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबावयास आणखी २८ मीटरांच्या आसपास लागतात. एकूण झाले ५३ मीटर. हाच हिशेब ताशी ४० ला केला तर २९ मीटर येतो आणि ताशी ८० ला केला तर ८० मीटरांच्याही पुढे जातो. वेग दुप्पट झाला की लागणारे अंतर जवळजवळ तिप्पट होते. आता ज्याच्या दिव्याच्या उजेडात काळपट वस्तू फक्त ३५ मीटरांवरून दिसते, तो मनुष्य ताशी ६० ने जात असेल तर तो न पाहताच जात आहे. त्या रात्री आम्ही नेमके तसेच चाललो होतो.

मग उपाय काय? कोणीही म्हणेल, मोठा बल्ब घाला. आम्हीही तेच म्हणालो. परंतु येथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा उजेड निम्मा होत नाही. तो चौथाई होतो. म्हणून दुप्पट लांबवर तेवढाच उजेड हवा असेल तर चौपट प्रकाश लागतो. प्रकाश नुसता दुप्पट केला तर पल्ला दुप्पट नव्हे, सुमारे दीडपटीहूनही कमी वाढतो. पन्नास मीटरांवर ४ लक्स उजेड पाडणारा झोत शंभर मीटरांवर १ लक्सच पाडतो. पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा हा पुष्कळच अधिक आहे हे खरे. पण चांदण्यात आपण पायी चालतो, साठच्या वेगाने धावत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्याची. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी आहेत. शंकूच्या आकाराच्या पेशींनी आपणांस दिवसाचे रंग आणि बारकावे दिसतात. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत आणि रेखीवपणाही दिसत नाही. उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तो सराव मोडावयास मात्र समोरच्या एका प्रखर दिव्याचा क्षणभराचा झोत पुरतो. नंतरच्या दोन-तीन सेकंदांत आपणांस धड काही दिसत नाही आणि त्या तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. शिवाय वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळसर होते, बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या मानाने निम्म्याहूनही कमी उजेड पोचतो. आमच्या पिढीतील मंडळींनी हे मनावर घ्यावे.

आता प्रत्यक्ष दिव्याकडे वळू. जुन्या काळी मोटारसायकलींना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर थेंबथेंब पाणी सोडले की अ‍ॅसिटिलीन वायू निघे आणि तो पेटविला जाई. मग विजेचा बल्ब आला. १९६२ मध्ये युरोपात मोटारींसाठी हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ मध्ये एकाच काचेत दोन तंतू असलेला ‘एच-४’ हा हॅलोजन बल्ब निघाला. साध्या बल्बमध्ये तापलेल्या टंगस्टनच्या तंतूची हळूहळू वाफ होते आणि ती काचेवर बसून काच काळवंडते. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन यांच्या कुळातील वायू थोडासा भरलेला असतो. तो उडालेल्या टंगस्टनला पकडून पुन्हा तंतूकडे आणून सोडतो. त्यामुळे तंतू अधिक तापविता येतो आणि काचही स्वच्छ राहते.

पण बल्ब म्हणजे दिवा नव्हे. बल्बच्या मागे जी चकचकीत वाटी असते, तो परावर्तक हा दिव्याचा खरा प्राण आहे. तिचा आकार गणितातील पॅराबोलाचा. अशा वाटीच्या नाभीवर प्रकाशाचा बिंदू ठेवला, तर सगळे किरण समांतर होऊन दूरवर जातात. ज्याला आपण ‘अप्पर’ म्हणतो, त्याचा तंतू या नाभीपाशी असतो. ‘डिपर’चा तंतू जरा पुढे असतो आणि त्याच्या खाली धातूची एक इवलीशी पन्हळ बसविलेली असते. तिच्यामुळे प्रकाश वाटीच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. आपल्याकडील पुष्कळ लहान गाड्यांना ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. मोठ्यांना ६०/५५ वॅटचा. १३.२ व्होल्ट दाब मिळाला तर पहिल्याचा डिपर ५२५ ल्यूमेन प्रकाश देतो आणि दुसऱ्याचा १०००. हे आकडे देताना आम्ही ‘दाब मिळाला तर’ असे म्हटले, ते मुद्दाम. पुढची सारी गोष्ट त्यातच आहे.

त्या प्रसंगानंतर आम्ही १०० वॅटचा बल्ब विकत घेऊन आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. म्हणाले, “साहेब, मोठा बल्ब घालून काय व्हायचंय? वरच्या मजल्यावर पाणीच चढत नाही आणि तुम्ही नळ मोठा करायला निघालाय.” मग त्यांनी गाडी चालू करून मीटर लावला. बॅटरीच्या टोकांवर १३.६ व्होल्ट, दिव्याच्या होल्डरवर ११.८. मधले १.८ व्होल्ट गेले कोठे? बॅटरीपासून निघालेली वीज किल्लीच्या स्विचमधून, मग हँडलवरच्या बटनांमधून, बारीक तारांतून आणि गंजलेल्या जोडांतून दिव्यापर्यंत येते. त्या वाटेवर ती गळत होती. म्हणजे तारा आणि स्विच तापविण्यात खर्ची पडत होती.

आता कोणी म्हणेल, दाब तेरा-चौदा टक्क्यांनी कमी झाला, तर उजेडही तेवढाच कमी होईल. तसे होत नाही. तंतूच्या दिव्यात दाब थोडा उतरला की तंतूचे तापमान उतरते आणि प्रकाश त्याच्या कितीतरी पट वेगाने उतरतो. दहा टक्के दाब घटला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. आमच्या गाडीचा जवळजवळ चाळीस टक्के उजेड असा वाटेतच नाहीसा होत होता. अशा गाडीत १०० वॅटचा बल्ब घातला असता तर प्रवाह वाढून गळती आणखी वाढली असती, होल्डर वितळला असता, वाटीचा मुलामा करपला असता आणि बॅटरी मात्र रोज उतरत गेली असती.

मिस्त्रींनी उपाय केला तो रिलेचा. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. हँडलवरच्या बटनातून आता फक्त रिलेच्या वेटोळ्यापुरती, नगण्य वीज जाते. ते वेटोळे लोहचुंबकाप्रमाणे आतली पट्टी ओढते आणि दिव्याची खरी वीज बॅटरीपासून जाड तारेने सरळ दिव्याकडे येते. अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, दिव्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत स्वतंत्र अर्थिंग आणि बॅटरीच्या अगदी जवळ दहा अँपिअरचा फ्यूज, एवढेच सामान. हा फ्यूज कोणी विसरू नये. तार घासून उघडी पडली तर गाडी जळण्यापासून वाचविणारा तोच. काम झाल्यावर होल्डरवर १३.३ व्होल्ट मिळाले. बल्ब तोच, पण प्रकाश दीडपट.

येथे एक सूचना केली पाहिजे. कित्येक जुन्या आणि लहान गाड्यांमध्ये पुढचा दिवा बॅटरीवर नसून इंजिनाच्या मॅग्नेटोवरच्या प्रत्यावर्ती विजेवर चालतो. गाडी हळू झाली की दिवा मंदावतो आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की उजळतो, ही त्याची खूण. अशा गाडीला हा रिलेचा उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही. जाणत्या माणसाला विचारल्याखेरीज तेथे हात घालू नये.

आणखी दोन उपाय आहेत आणि ते फुकटचे आहेत. पहिला, स्वच्छता. काचेवरची धूळ, चिखल आणि किडे प्रकाश अडवितात आणि तो भलतीकडे उडवितात. हल्लीच्या दिव्यांवर काचेऐवजी प्लॅस्टिक असते; ते उन्हाने पिवळे पडते. आतील वाटीचा मुलामा उडाला असेल तर कोणताही बल्ब घालून उपयोग नाही. वाटीच बदलली पाहिजे. हेल्मेटच्या काचेवरचे ओरखडेही यातच धरावे, कारण समोरच्या दिव्याचा प्रकाश त्या प्रत्येक ओरखड्यावर फुटतो.

दुसरा उपाय म्हणजे दिव्याचा रोख. सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरांवर गाडी उभी करावी. चाकांत हवा योग्य असावी आणि नेहमीचा चालविणारा गाडीवर बसलेला असावा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मांडावी. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या खुणेच्या पाच ते सात सेंटिमीटर खाली आली पाहिजे. पाच मीटरांत पाच सेंटिमीटर म्हणजे शंभरात एक. दिवा जमिनीपासून नव्वद सेंटिमीटरांवर असेल तर तो झोत नव्वद मीटरांवर रस्त्याला टेकतो. काळपट वस्तू अर्थात त्याच्या बऱ्याच अलीकडे दिसते.

आता मागे कोणी डबलसीट बसले की काय होते, ते पाहा. मागची बाजू तीन सेंटिमीटर अधिक दबली असे धरू. दोन चाकांमधले अंतर साधारण एकशे तीस सेंटिमीटर. म्हणजे गाडीचे तोंड शंभरास दोनाहून अधिक प्रमाणात वर उचलले जाते. खाली वळलेला झोत आता वर पाहू लागतो आणि पन्नास मीटरांवर तो दीड मीटर उंचीवर पोचतो. समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचे डोळे नेमके त्याच उंचीवर असतात. पत्नीला मागे बसवून आपण सावकाश, सभ्यपणे चाललो आहोत असे आपणांस वाटते. त्याच वेळी समोरच्याला आपण आंधळे करीत असतो. म्हणून डबलसीट नेहमीचे असेल तर दोघांना बसवूनच रोख लावावा आणि मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरची कडकपणाची खाच वाढवून घ्यावी.

एवढे केल्यावरही प्रकाश अपुरा वाटला तर दिवा बदलण्याचा विचार करावा. आज बाजारात एलईडीचा बोलबाला आहे आणि तो अकारण नाही. निळा एलईडी साधल्यावरच पांढऱ्या एलईडीचा मार्ग खुला झाला. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कमी विजेत हा दिवा पुष्कळ प्रकाश देतो. पण बाजारात मिळणारा सुटा एलईडी बल्ब हॅलोजनच्या वाटीत बसविणे ही निराळी गोष्ट झाली. ती वाटी बारीक, गोल तंतूसाठी घडविलेली असते. एलईडीचा प्रकाश चपट्या तुकड्यांतून, दोन बाजूंना निघतो. तो नाभीवर नेमका बसत नाही आणि वाटेल तिकडे सांडतो. गाडीच्या पुढचा दहा मीटरांचा रस्ता लख्ख उजळतो, चालविणारा खूश होतो. पण दूरचे पूर्वीपेक्षाही कमी दिसते, कारण जवळच्या झगमगाटाला डोळा सरावतो. समोरच्याचे हाल होतात ते वेगळेच. एलईडी घ्यावयाचा तर त्याच्या स्वतःच्या परावर्तकासह किंवा भिंगासह, त्या गाडीसाठी मान्यता मिळालेला संपूर्ण दिवाच घ्यावा. त्याची उष्णता झोताबरोबर पुढे न जाता मागे राहते, म्हणून मागे हवेला जागा लागते, हेही ध्यानात ठेवावे.

परदेशांतून आलेले दिवे घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणून आपल्याकडच्या असमान झोताची कड डावीकडे, साइडपट्टीच्या बाजूस वर चढलेली असते. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेला दिवा नेमका उलट, समोरून येणाऱ्याच्या तोंडावर झोत टाकतो. कायद्याचाही विचार करावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ नोंदलेल्या रचनेत मन मानेल तसा फेरफार करता येत नाही.

धुक्याविषयी एक समज फार रूढ आहे. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, असे म्हणतात. फ्रान्समध्ये तर १९३६ च्या नियमापासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळेच दिवे असत. वस्तुतः धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की, ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्या प्रकाशात निळ्याचा चरचरीतपणा नसतो म्हणून डोळ्याला बरे वाटते, इतकेच. पावसाळ्यात कुंभार्ली घाट चढताना खरा उपयोग होतो तो झोत खाली ठेवण्याचा. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. पावसात भिजलेला रस्ता आरशासारखा होऊन आपला प्रकाश पुढेच पाठवून देतो, आपल्याकडे परत येऊ देत नाही. त्यावर कोणत्याही दिव्याचा इलाज नाही.

वळणाचेही तसेच. मोटारसायकल डावीकडे कलते तेव्हा दिवाही कलतो. झोताची डावी बाजू जमिनीत घुसते आणि उजवी आकाशाकडे जाते. म्हणजे जेथे जावयाचे, नेमका तेथेच अंधार. हा दोष दूर करण्यासाठी गाडी कलली तरी झोत आडवा ठेवणारी योजना बीएमडब्ल्यूने २०१० साली दाखविलेल्या आपल्या ‘के १६००’ या मोटारसायकलीत केली. आपल्या साध्या गाड्यांना ती सोय नाही. तेव्हा घाटात वेग कमी करणे, हाच आपला मार्ग.

दिवा सुधारला म्हणजे संकट टळले, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या गाडीचा प्रकाश दीडपट झाला, तरी वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे दिसण्याचा पल्ला पाचव्या हिश्शानेच वाढला. पस्तीस मीटरांचे बेचाळीस झाले. ते सात मीटर मोलाचे आहेत. पण त्रेपन्न मीटरांना ते अजूनही पुरत नाहीत. म्हणून त्या रात्रीनंतर डिपरवर असताना आम्ही पन्नासाच्या पुढे जात नाही आणि समोरून मोठे वाहन आले की त्याच्याही खाली येतो. समोर वाहन नसेल तेव्हा अप्पर लावावा आणि दिसताच उतरवावा. समोरच्याने उतरविला नाही म्हणून आपणही तसाच ठेवला तर एका रस्त्यावर दोन आंधळे होतात. अशा वेळी नजर त्याच्या दिव्यावरून काढून रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी.

राहता राहिली ती ट्रॉली. पुढे एकदा दिवसाउजेडी आम्ही त्याच रस्त्यावर थांबून ऊस नेणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याशी बोललो. तांबड्या परावर्तकाची पट्टी लाव म्हटल्यावर तो म्हणाला, “लावतो की साहेब, पण ऊस भरताना घासून निघून जाते, परत कोण बघतंय?” आम्ही त्याच्या ट्रॉलीमागे एक पट्टी उसाच्या उंचीच्या खाली, लोखंडी चौकटीवर चिकटवून दिली. तिची किंमत एका चहा-फराळाएवढीसुद्धा नव्हती. परावर्तक स्वतः काही उजेड देत नाही. येणाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश तो त्याच्याकडेच परत धाडतो. म्हणजे येणाऱ्याचा दिवा नीट हवा आणि उभे असणाऱ्याच्या मागे ती पट्टीही हवी. आज घरी गेल्यावर आपल्या अंगणातली गाडी भिंतीसमोर उभी करून एकदा डिपर लावून पाहावा, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.